मदत हवी आहे: स्टॅकिंगला रात्र जाते, ग्राफिक कार्ड टाकू का?

उल्कापात: देवयानी दीर्घिकेचे फोटो स्टॅक करायला, म्हणजे शेकडो फोटो एकावर एक रचून एक स्वच्छ फोटो करायला लावले की मशीन रात्रभर घरघरतं, सकाळी बघावं तर अर्ध्यावर लटकलेलं. अमावास्या तोंडावर आलीय, म्हणजे पुन्हा नवा ढीग. बजेट 30 हजार. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्ड टाका, पळेल. टाकू का? शनिवारी तिकडे जातोय, लवकर सांगा. आगाऊ धन्यवाद.

वांगणीकर: मशीन कोणतं? रॅम किती? सॉफ्टवेअर? कॅमेरा? फ्रेम किती? काहीच लिहिलेलं नाही. आम्ही आकाश बघतो, पत्रिका नाही.

उल्कापात: साधा डेस्कटॉप आहे हो. आय-फाइव्ह, आठवी पिढी, रॅम 16. पिक्सइनसाइट वापरतो. कार्ड टाकू की नको, एवढंच विचारलंय.

सफरचंदप्रेमी: भंगारात काढा, मॅक मिनी घ्या. माझ्या मिनीचा पंखा आहे की नाही हेच मला अजून कळलेलं नाही.

फुकटचंद: पिक्सइनसाइटला पैसे मोजायचेच कशाला? सिरिल फुकट आहे. मधल्या फायली 16 बिटमध्ये ठेवा, जागा निम्मी लागते. शेवटचं स्टॅक तेवढं 32 मध्ये.

सफरचंदप्रेमी: सिरिल मॅकवरही चालतं.

मघा: दुकानदाराला कार्ड विकायचंय. तारे वेगळे काढणं, नॉइज घालवणं, म्हणजे स्टारनेट, नॉइजएक्सटर्मिनेटर वगैरे, तिथे एनव्हिडियाचं कार्ड खरंच उडवतं. पण तुमचं अडतंय त्याच्या आधी. कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचे दोष काढणं), अलाइनमेंट (सगळ्या फ्रेममधले तारे जुळवणं), स्टॅकिंग यांचा भार मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर असतो. फोटो ठेवलेत कुठे?

उल्कापात: यूएसबीच्या हार्ड डिस्कवर. सी ड्राइव्ह 256 चा एसएसडी आहे, तो कायम भरलेला. त्याचा काय संबंध? 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 30 सेकंदांच्या 400 फ्रेम.

वांगणीकर: घ्या! हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना. डीबेयर झाल्यावर, म्हणजे कच्च्या फोटोतून रंग उलगडल्यावर, एक फ्रेम 32 बिटमध्ये साधारण 288 एमबी होते. गुणिले 400, म्हणजे 115 जीबी. अलाइन केलेल्या प्रती आणखी 115. कॅलिब्रेट केलेल्या 38 च्या आसपास. पावणेतीनशे जीबीची ही ये-जा सेकंदाला जेमतेम 100-150 एमबी देणाऱ्या हार्ड डिस्कवरून चाललीय. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर झोपा काढत असेल. 1 टीबीचा एनव्हीएमई (बोर्डावर बसणारा वेगवान एसएसडी) घ्या, रॅम 32 करा. पिक्सइनसाइटच्या सेटिंगमध्ये स्वॅपचं (तात्पुरत्या फायलींचं) फोल्डरही त्याच नव्या डिस्कवर न्या, नाहीतर ते सी वरच कुथत बसेल.

फुकटचंद: किंवा फ्रेमच कमी करा. 2 मिनिटांच्या 100 घ्या.

मघा: ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आहे का, विचारलंत का त्यांना? आणि शहराच्या उजेडात 2 मिनिटं शटर उघडं ठेवलं तर आकाश दुधाळ येईल.

फुकटचंद: मी डोंबिवलीच्या गच्चीवरून काढतो, फिल्टर लावून. ट्रॅकर नसेल तर 30 सेकंदांत तारे ठिपक्यासारखे आले असते का?

नवखा_निरीक्षक: जाणकार जमलेत म्हणून विचारतो, मोबाइलवर शनीची कडी येतील का?

मघा: दुर्बिणीच्या आयपीसला मोबाइल लावून व्हिडिओ काढा, मग तो ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा. 2025 च्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, आता हळूहळू उघडताहेत. वेगळा धागा काढा, सांगते.

उल्कापात: ट्रॅकर आहे. माझ्या बोर्डावर एनव्हीएमई बसतो का ते कसं कळणार? कॅबिनेट उघडायचं नाहीये, वॉरंटीचं सील आहे.

वांगणीकर: आठव्या पिढीच्या मशीनला कसली वॉरंटी उरलीय अजून? असो. स्टार्टमध्ये एमएसइन्फो32 टाइप करा, बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर मॉडेल दिसेल. ते इथे टाका. रॅमच्या किती खाचा रिकाम्या आहेत तेही टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दिसतं. आणि शनिवारी दुकानात शिरण्याआधी टाका, नंतर नाही.

सफरचंदप्रेमी: मॅकला हे काहीच बघावं लागत नाही.

फुकटचंद: कारण त्यात रॅम वाढवताच येत नाही.