सिगारेट सोडून 5 आठवडे झाले: हे विड्रॉवल (निकोटिन सुटल्याचा त्रास) की नैराश्य परत आलंय?

मदत हवी आहे. नैराश्यासाठी दीड वर्ष एसिटालोप्राम 10 मिग्रॅ चालू आहे, डोस तोच. रोजच्या 15 सिगारेटी 5 आठवड्यांपूर्वी एकदम बंद केल्या. तेव्हापासून 21 मिग्रॅचा निकोटिन पॅच (त्वचेवर लावायची पट्टी), एकही झुरका नाही.

चिडचिड आणि झोपमोड पहिल्या दोन आठवड्यांत गेली. उरलंय ते निराळं आहे. सकाळी ब्रशवर पेस्ट लावतो आणि आरशासमोर दहा मिनिटं नुसता उभा राहतो. सिगारेटची तलफ नाही, कशाचीच नाही. नैराश्याची सुरुवातही अशीच झाली होती, म्हणून धास्ती वाटतेय.

निकोटिन मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवर (संदेश झेलणाऱ्या जागांवर) बसतं आणि डोपामिन (हुरूप देणारं रसायन) वाढवतं. सवयीने ते रिसेप्टर वाढतात, सोडल्यावर पूर्ववत व्हायला बरेच आठवडे लागतात, इतपत वाचलंय. पण विड्रॉवलची लक्षणं साधारण 2 ते 4 आठवड्यांत ओसरतात म्हणे, आणि माझा तर पाचवा संपला.

बुप्रोपिऑन (सिगारेट सोडायला आणि नैराश्यावरही देतात ते औषध) चालणार नाही, पूर्वी फिट आल्या आहेत. व्यायाम, रोज 40 मिनिटं चालणं सुरू आहे. जिवाचं काही करून घ्यावं असे विचार अजिबात नाहीत. डॉक्टरांची वेळ 9 दिवसांनी आहे, त्याआधीच पॅच 14 मिग्रॅवर आणायचा आहे. परत ओढायला लागणं हा पर्याय कृपया सुचवू नका.

नैराश्य असताना ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांचं मन कितव्या आठवड्यात सावरलं? विड्रॉवल आणि नैराश्य यांतला फरक कशावरून ओळखलात? आणि भेट होईपर्यंत पॅच 21 वरच ठेवू का?