मदत हवी आहे : आजार एकाच ग्रंथीचा, मग गोळ्या दोन का?

सप्रेम नमस्कार.

माझी आई गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. गेल्या उन्हाळ्यात कोकमाची सोले वाळत घालण्याच्या दिवसांत ती काळवंडू लागली, तेव्हा उन्हाने असेल असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. वास्तविक तळहाताच्या रेषा आणि हिरड्याही काळ्या पडल्या होत्या, आणि हिरड्यांना ऊन लागत नाही, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. खारातल्या कैऱ्या संपल्यावर बरणीतले खारे पाणी ती वाटीने पीत असे. पुढे उठताना भोवळ येऊ लागली, तपासण्या झाल्या आणि क्षयरोगाने अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी निकामी झाल्याचे, म्हणजे ॲडिसनच्या आजाराचे निदान झाले.

आता तिला हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन अशा दोन गोळ्या आहेत. दुसरी गोळी प्रेशर वाढवते असे कोणीतरी सांगितल्यापासून ती घ्यायला आई कुरकुरते, आणि वाडीतल्या बायका तिला मीठही कमी करायला सांगतात.

माझी समजूत अशी आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या, प्रत्येकी 4-5 ग्रॅमच्या या ग्रंथींच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या भागात, तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरातले अल्डोस्टेरोन हे संप्रेरक मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. त्याचे नियंत्रण मुख्यतः रेनिनची साखळी (मूत्रपिंडातून निघणाऱ्या रेनिनपासून सुरू होणारी) आणि रक्तातले पोटॅशियम करतात. मधल्या थरातले कॉर्टिसोल मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या एसीटीएच या संप्रेरकाच्या हुकमाने चालते. कॉर्टिसोल कमी पडले की एसीटीएच वाढत जाते, आणि त्यानेच त्वचा काळी पडते. पहिली गोळी कॉर्टिसोलची उणीव भरून काढते, पण मीठ राखण्याचे काम तिच्याने पुरेसे होत नाही, म्हणून दुसरी. आतल्या थरातल्या पुरुषी संप्रेरकांविषयी डॉक्टर काही बोलले नाहीत.

हे बरोबर आहे का? आणि आईला पटेल अशा साध्या शब्दांत ते कसे सांगावे?

आणखी एक शंका आहे. ग्रंथीच्या गाभ्यात, म्हणजे मध्यकात, ॲड्रेनालिन तयार होते. क्षयाने तोही भाग गेला असेल, तर त्याची गोळी का देत नाहीत? चेतातंतूंतून मिळणारे, ॲड्रेनालिनसारखेच नॉरॲड्रेनालिन ती उणीव भरून काढते, असे कारण असावे का?

डॉक्टरांनी तापात पहिल्या गोळीचा डोस दुप्पट करायला आणि उलट्या होऊन गोळी पोटात ठरली नाही तर लगेच हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यायला सांगितले आहे. आमच्या घरापासून दवाखाना लांब आहे आणि पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी इंजेक्शन देण्याची तयारी घरात कशी केली, ते कृपया सविस्तर लिहावे.