बर्न्ट फ्रीडमन - याकी लीबेत्साइट ऐकतोय, सम सापडत नाहीये. कोणी ऐकलंय का हे?

मुळामुठा
नमस्कार मंडळी, जरा वेगळा धागा आहे पण गेले तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाहीये त्यामुळे लिहितोच. मावसभावाच्या गाडीत या दोघांचं 'सिक्रेट ऱ्हिदम्स' लागलं होतं, ड्रमवर लीबेत्साइट आणि इलेक्ट्रॉनिक बाजू फ्रीडमनची, जर्मन आहे, इलेक्ट्रॉनिक म्हणावं तर खराखुरा ड्रमर वाजवतोय, जॅझ म्हणावं तर कोणी सोलो घेत नाही, बेस एकदम डबसारखा (जमैकन रेगेचं मिक्सरवर बदललेलं रूप) जाड, आणि वरून जी पर्कशन आहे ती ट्रायबल वाटते पण नक्की कुठली ते कळत नाही. चांदणी चौकात अर्धा तास अडकलो होतो, स्टिअरिंगवर बोटाने एक-दोन-तीन-चार धरतोय आणि दर वेळी तिसऱ्या-चौथ्या फेरीला बोट एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे. घरी येऊन परत लावलं, परत तेच. मजा म्हणजे मोजता येत नसलं तरी मान मात्र बरोबर डोलते, कुठेही अडखळल्यासारखं वाटत नाही.

तर हे मोजायचं कसं, हा प्रकार आला कुठून, आणि याच्यापुढे काय ऐकू? संगीत शिकलेलो नाही, शाळेत दोन वर्षं तबला केला होता तेवढाच.

तबल्याची_शाई
दोन वर्षं तबला केलायत ना, मग झालं की काम. आधी ते चार सोडा. या सिरीजचे पाच भाग आहेत, पहिला २००२ चा आणि पाचवा २०१३ चा, आणि त्यात ५, ७, ९, ११ अशी चक्रं भरलेली आहेत. चाराने मोजायला गेलात की घसरणारच, दहा मात्रांच्या झपतालावर कोणी सोळाच्या तीनतालाच्या टाळ्या दिल्या तर काय होईल तसंच ते.

मी कसं करतो सांगतो. ड्रमकडे लक्षच द्यायचं नाही सुरुवातीला. बेस ऐकायचा. बेसचा एक छोटा तुकडा असतो तो फिरून फिरून येतो, त्याचा सगळ्यात खालचा सूर आला की मांडीवर एक थाप. दहा-बारा थापा बरोबर पडल्या की मग दोन थापांच्या मध्ये सगळ्यात बारीक सतत वाजणारं जे काही असेल ते मोजायचं, झांज असेल, शेकर असेल, काहीही. सात आले तर सात. मग ते सात कसे फोडलेत ते बघायचं, ३-२-२ की २-२-३, आणि तिथेच खरी गंमत आहे कारण लीबेत्साइट ते फोडणं उघड करून दाखवत नाही, वजन असं वाटतो की कुठली थाप मोठी ते पटकन कळू नये. आपल्याकडे रूपक बघा, तिं तिं ना धिं ना धिं ना, समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली आहे, म्हणजे डग्गा गप्प, नवीन ऐकणाऱ्याला चौथ्या मात्रेला सम वाटते कारण डग्गा तिथे घुमतो. तुमचं बोट बहुतेक अशाच कुठल्यातरी भलत्या जागेला सम समजून बसलंय.

दुसरं म्हणजे तो डब बेस. मला डब कळलं ते खालीमुळे. तीनतालात पहिल्या आठ मात्रा डग्गा घुमतोय, नवव्या मात्रेलाही 'धा' आहेच पण पुढे तिं तिं ता, डग्गा गप्प, नुसती चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा आवाज. आणि मग चौदाव्या मात्रेला धिं म्हणून डग्गा परत आला की अंगातून काहीतरी जातं. डबमध्ये मिक्सरवाला बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढतो, सगळं पोकळ होतं, आणि मग सोडतो. तेच ते.

बर्लिनची_थंडी
नऊ वर्षं बर्लिनमध्ये आहे, मूळ सांगलीची. हा धागा इथे दिसेल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं!

शाई, तुमचं खालीचं मला आवडलं पण पूर्ण पटलं नाही. खालीची जागा ठरलेली असते, ऐकणाऱ्यालाही माहीत असते, तिची वाट बघण्यातच सुख आहे. डबमध्ये बेस कधी जाईल आणि कधी येईल हे त्या क्षणी मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात. जमैकात किंग्स्टनला किंग टबी रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस होता, तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, मग मध्येच गायकाचा एखादा शब्द परत आत सोडायचा आणि तो एकोमध्ये (प्रतिध्वनीत) विरून जायचा. मिक्सर हेच वाद्य. एक थाप एकोत पाठवायची तर त्या एका थापेपुरतंच बटण फिरवायचं आणि लगेच परत आणायचं, नाहीतर सगळा गाळ होतो. एको परत स्वतःमध्येच फिरवला की तो वाढत जातो आणि मग त्याला वेळेत आवरायचं, इथे हात लागतो माणसाचा.

हे बर्लिनला आलं त्यात हार्ड वॅक्स या रेकॉर्डच्या दुकानाचा वाटा फार मोठा आहे. १९८९ मध्ये मार्क एर्नेस्टुसने सुरू केलं. मी जायचे तेव्हा क्रॉइत्सबर्गमध्ये कॅनॉलच्या काठी होतं, मागच्या अंगणातून जिने चढून जायचं, भिंतीला रेकॉर्ड, कोपऱ्यात टर्नटेबल आणि हेडफोन, कोणी घाई करत नाही. एर्नेस्टुस आणि मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड या दोघांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल सुरू केलं, म्हणजे टेक्नोचा ठोका आणि जमैकन डबचा एको एकत्र. पुढे ऱ्हिदम अँड साउंड म्हणून त्याच दोघांनी अजून संथ, अजून रेगेच्या जवळ जाणारं काम केलं, त्यात डॉमिनिका बेटावरून बर्लिनला आलेला पॉल सेंट हिलेअर गातो. रेकॉर्डवर तो जाड बेस नीट कापला जावा म्हणून त्यांनी स्वतःचा कटिंगचा स्टुडिओच काढला, एवढी काळजी.

मुळामुठा, तुम्हाला जे आवडलंय त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड ट्रिओ. 'व्हर्टिकल असेंट', २००९. चारच तुकडे, पॅटर्न १ ते ४. फॉन ओस्वाल्डबरोबर माक्स लोडरबाउअर सिंथवर आणि फिनलंडचा व्लादिस्लाव डिले धातूच्या पर्कशनवर. तो धातू ऐकाच, स्वैपाकघरात कोणीतरी पातेल्याच्या काठावर चमचा टेकवल्यासारखा एक बारीक आवाज येतो आणि एकोत जाताना त्याचा धातूपणा हळूहळू पुसला जातो, शेवटी नुसता वारा राहतो. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज, अर्धं संगीत तिथे पोचतच नाही. मग २०१५ चं 'साउंडिंग लाइन्स', त्यात ड्रमवर टोनी अॅलन, फेला कुटीचा ड्रमर.

आणि एक विनंती, रागावू नका, पण 'ट्रायबल' हा शब्द नको. दुकानातल्या कप्प्यावर चिकटवायला सोपा आहे पण त्याने काहीच कळत नाही. एर्नेस्टुस स्वतः सेनेगलला गेला, तिथल्या साबर नावाचा ढोल वाजवणाऱ्यांबरोबर काम केलं, आधी जेरी-जेरी आणि नंतर न्दागा ऱ्हिदम फोर्स या नावाने. साबर एका हाताने आणि दुसऱ्या हातातल्या काठीने वाजतो, घराण्यात शिकवला जातो, त्याचे बोल आहेत. आपल्या तबल्याला कोणी ट्रायबल म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

जुनी_कॅसेट
थंडीताई, साबरबद्दल अगदी बरोबर बोललात. मी थोडं मागे जातो, वय झाल्याचा तेवढा फायदा.

याकी लीबेत्साइट म्हणजे कॅन बँडचा ड्रमर. १९६८, कोलोन. त्याआधी तो मान्फ्रेड शूफ या ट्रम्पेटवाल्याच्या क्विंटेटमध्ये फ्री जॅझ वाजवायचा आणि त्याला त्याचा कंटाळा आला, कारण त्यात एकच गोष्ट परत परत वाजवायची मुभाच नव्हती. आणि याला तर फिरून फिरून तेच वाजवण्यात सगळं दिसत होतं! कॅनमध्ये होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे दोघं श्टोकहाउझन या संगीतकाराकडे शिकलेले, म्हणजे एकीकडे टेप कापून जोडणारी डोकी आणि एकीकडे हा ठेका न सोडणारा माणूस. तासन् तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची, मग चुकायने ब्लेडने कापून त्यातून रेकॉर्ड तयार करायची. १९७१ चं 'टागो मागो' ऐका, त्यातलं 'हालेलुवा' साडेअठरा मिनिटांचं आहे आणि ड्रम जवळजवळ शेवटपर्यंत तोच. साथीला बसलेला तबलजी जसा ठेका धरून ठेवतो आणि स्वतःची हुशारी मध्ये आणत नाही, तसा. पुढे त्यांनी कोलोनजवळ वाइलर्सविस्टला जुनं सिनेमा थिएटर घेतलं आणि भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावून स्टुडिओ केला.

शेवटच्या वर्षांत लीबेत्साइटने पायाचे पेडल सोडून दिले, नुसते हाताने वाजवायचे टॉम, म्हणजे सेटमधले ढोल. वाजवण्याची पद्धतही स्वतःची बसवली होती, मोर्सच्या टिंब आणि रेघेवर, एक थाप आणि जोड थाप एवढ्या दोनच गोष्टींतून सगळी चक्रं. जानेवारी २०१७ मध्ये गेला, मला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

आता जे सांगतो ते मराठी माणसांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. १९६७ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या साबा कंपनीने 'जॅझ मीट्स इंडिया' काढली. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, आणि तबल्यावर केशव साठे. समोर पियानोवर इरेन श्वाइत्सर, ड्रमवर मानी नॉयमायर आणि ट्रम्पेटवर कोण, तर हाच मान्फ्रेड शूफ. पुढच्याच वर्षी कॅन सुरू झाला आणि त्याच वर्षी नॉयमायरचा गुरू गुरू हा बँड. त्यातून हे आलं असं मी म्हणत नाही, पण ज्या मंडळींत हे शिजत होतं त्यांच्या कानावर साठ्यांचा तबला पडलेला होता.

म्युनिकचा एम्ब्रियो बँडही सोडू नका. १९७७ च्या 'अपो-कॅलिप्सो'मध्ये त्रिलोक गुर्टू आहे, मुंबईत वाढलेला, शोभा गुर्टूंचा मुलगा. घरात ठुमरी, कानात जॅझ. खाली बसून ड्रम वाजवतो आणि घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा सूर वाकवतो, तो आवाज मला एकोच्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त आवडतो.

तबल्याची_शाई
थंडी, मान्य. जागा ठरलेली नसते हा फरक मोठा आहे, मी घाईत लिहिलं. पण सोलो तबल्यात वाजवणारा डग्गा कधी झाकेल आणि कधी सोडेल हे तरी कुठे ठरलेलं असतं, चक्र ठरलेलं असतं एवढंच. मला वाटतं ही जर्मन मंडळी नेमकी तिथे उभी आहेत, चक्र फ्रीडमन आणि लीबेत्साइट पक्कं धरून ठेवतात म्हणूनच मिक्सरवर इतकी मोकळीक घेता येते.

काका, साठ्यांचं माहीत नव्हतं. वीस वर्षं तबला शिकतोय आणि माहीत नव्हतं.

मुळामुठा
तिघांचेही मनापासून आभार. 'ट्रायबल' परत नाही वापरणार, पटलं.

काल रात्री हेडफोन लावून बेसवर थाप द्यायची ती पद्धत केली. पहिला अर्धा तास काही नाही. मग एका ट्रॅकला मांडीवरची थाप आणि बेस जुळले, मध्ये मोजले तर सात आले, परत मोजले तर परत सात, आणि एकदा ते कळल्यावर मोजायची गरजच संपली, नुसती थाप पडत राहिली. बायको उठून विचारायला आली की रात्री एक वाजता मांडी का बडवताय. तिला दुसरा हेडफोन दिला, ती लहानपणी भरतनाट्यम शिकलीये, तिने दोन फेऱ्यांत बोटांवर मोजून सांगितलं, तीन-दोन-दोन आहे हे.

'व्हर्टिकल असेंट' आज लावतोय. काका, 'जॅझ मीट्स इंडिया' नीट आवाजात कुठे मिळेल, तुमच्याकडे रेकॉर्ड आहे का? पुण्यात असाल तर घरी येऊन ऐकेन, चहाचं सामान मी आणतो.

जुनी_कॅसेट
आहे. सदाशिव पेठेत असतो. रविवारी सकाळी या, बाईंनाही आणा.