बांबू मारून घोडा उडी शिकतो म्हणे!

खोगीरभरती:
शेजारच्या धाग्यावर एका 'अनुभवी' सदस्याचा सल्ला वाचला: "घोडा जंपवर पुढचे पाय लोंबते ठेवून पोल पाडतो? दोन्ही बाजूंना बांबू घेऊन माणसं उभी करा. घोडा हवेत गेला की नडगीवर ठोका. दोन दिवसांत गुडघे छातीला लागतील." खाली 'धन्यवाद सर'ची रांग. डोकं सटकलं, म्हणून इथे सविस्तर.

जंपच्या अगदी जवळ आल्यावर घोड्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही. काही पावलं आधी मान हलवून त्याने जो अंदाज घेतलेला असतो त्यावर तो उडतो. अंदाज चुकला की पाय उशिरा दुमडतात. म्हणजे शिकवायचा तो अंदाज, आणि त्यासाठी ग्रिड असते, म्हणजे ठरलेल्या अंतरांवर ओळीने मांडलेले अडथळे. दुडकीत या. जमिनीवर एक पोल, पुढे अडीच मीटरवर बुटका क्रॉस (फुलीसारखे टेकवलेले दोन पोल), मग साडेपाच मीटरवर व्हर्टिकल (आडव्या पोलचा सरळ उभा अडथळा). ते जमलं की पुढे सहा मीटरवर ऑक्सर (एकामागे एक दोन पोलांचा रुंद अडथळा). अंतरं बरोबर असली की घोडा आपोआप योग्य जागी पोचतो, त्याला कोणी ठोकावं लागत नाही. व्हर्टिकलच्या फूटभर अलीकडे जमिनीवर पोल टाकला तर तो जरा मागूनच उचलतो आणि गुडघे वर यायला वेळ मिळतो. तिरका उडत असेल तर वरच्या पोलवर दोन पोल उलट्या 'व्ही'सारखे टेकवा. ऑक्सर हळूहळू रुंद केला की पाठ गोल व्हायला लागते. उंची सगळ्यात शेवटी.

आणि स्वाराने? अयाळ धरायची, घोड्याचं तोंड मोकळं ठेवायचं. उडीवर मागे रेलून लगामाला लटकायची पद्धत इटलीच्या घोडदळातल्या काप्रिली नावाच्या अधिकाऱ्याने मोडीत काढली. तो 1907 साली गेला. आपल्याकडे बातमी अजून पोचायची आहे.

रिसाला:
बाई, लेख छान. आता जमिनीवर या. पोल, स्टँड, मोजपट्टी, मांडायला दोन माणसं, पडलं की उचलायला तिसरा. हे कोणाच्या पागेत आहे? मी उमेदवारीत होतो तेव्हा पहाटे अंधारात खरारा, मग घोडा बाहेर, आणि उस्ताद बांबू घेऊन उभे. घोडे पाय उचलायचे. मेडलंही आणली. बांबू मारायचा नसतो, नुसता लावायचा असतो. ते हाताचं कसब आहे, पुस्तकात सापडत नाही. जर्मनांच्या घोडेस्वारी फेडरेशननेही हलक्या हाताने पोल लावायला बरीच वर्षं परवानगी दिलेली होती. ते काय अडाणी होते?

खोगीरभरती:
होती. नंतर काढून घेतली, हे अर्धं वाक्य तेवढं गाळलंत. परवानगी काढली कारण 'हलका हात' नियमात लिहिता येतो, मैदानावर तपासता येत नाही. तुमच्या उस्तादांचा हात हलका असेल. धाग्यावरच्या धन्यवादवाल्यांचा?

आणि दुखण्याचं शास्त्र पुढे कुठे जातं तेही बघा. 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये, घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला होत्या, जंपिंगचे चार घोडे कॅप्सेसिनमुळे बाहेर गेले. आपल्या मिरचीतलं तिखट! पायाला चोळलं की कातडी हुळहुळी होते आणि पोल नुसता लागला तरी झोंबतो. नॉर्वेचं सांघिक ब्राँझ त्यात गेलं. बांबूचाच सुशिक्षित भाऊ.

रिसाला:
मिरचीची तुलना माझ्या उस्तादांशी? शब्द मागे घ्या.

खोगीरभरती:
उस्तादांना नाही, बांबूला म्हटलं. वाचा परत.

डॉ_खूर:
दोघांनीही आधी खोगीर काढून पाठ बघितली का? एक घोडी आणली होती माझ्याकडे, 'आळशी, पाय ओढते' म्हणून. कण्याच्या बाजूने अंगठे दाबत मागे गेलो. खोगिराची मागची कड जिथे येते तिथे पोचलो आणि घोडीने पाठ एकदम खाली सोडली, कान मागे, शेपूट सटकन फिरली. खांद्यापाशी खोगीर अरुंद, त्यावर उपाय म्हणून खाली पॅडवर पॅड. म्हणजे आणखी अरुंद! अशी पाठ गोल कशी व्हायची? खोगीर बदललं, विश्रांती दिली, घोडी पाय उचलायला लागली. ग्रिडही नाही, बांबूही नाही. खूर वाढलेले, दात टोचणारे, हे सगळं 'टेक्निक'च्या नावावर खपतं.

मुलीचा_बाप:
तुमचं सगळं खरं असेल हो, पण घोडा आपला असेल तर! माझी मुलगी मुंबईत शिकते. घोडा कोणता मिळणार ते सकाळी कळतं. बहुतेक रेसकोर्सवरून उतरलेला थरोब्रेड, जो पोल दिसला की पळतच सुटतो. मोजकी मिनिटं, एका तासाची फी, हेल्मेट-बूट वेगळे, पावसाळ्यात मैदान चिखल म्हणून बंद, फी मात्र चालू. गेल्या वेळी पडली तेव्हा सर म्हणाले, "घोड्याला टेक्निक नाही." मग आम्ही पैसे कशाचे भरतोय?

खोगीरभरती:
पळत सुटतो कारण त्याला आयुष्यभर तेच शिकवलं. त्याला ग्रिडच्या आधी दुडकीत जमिनीवरचे पोल, सव्वा-सव्वा मीटरवर, डोकं खाली करून चालायला लावा. पण थरोब्रेडला नावं ठेवू नका. घोड्याच्या उंच उडीचा विक्रम 5 फेब्रुवारी 1949 चा आहे, चिलीत, 2.47 मीटर, स्वार कॅप्टन लार्रागिबेल. घोडा हुआसो: शर्यतीत न चाललेला थरोब्रेड, वय 16. पहिल्यांदा अडला, दुसऱ्यांदा पाडलं, तिसऱ्यांदा गेला.

तापीकाठचा:
थरोब्रेड, जर्मन, चिली. आपले घोडे कुठे गेले? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत या, मग बोला. मारवाडी-काठेवाडीचा काटकपणा तुमच्या युरोपातल्या वॉर्मब्लड जातींना सात जन्मांत यायचा नाही. भीमथडीच्या तट्टांवर मराठे अटकेपर्यंत गेले, तेव्हा ग्रिड कोणी मांडली होती?

खोगीरभरती:
अटकेपर्यंत जाताना वाटेत ऑक्सर नव्हते.

तापीकाठचा:
चेष्टा करा. हीच मानसिकता. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगांनी घोडेस्वारीत सुवर्ण जिंकलं, नंतर वैयक्तिक पदकाला 2018 उजाडावं लागलं. एवढे परदेशी घोडे आणून काय केलंत?

रिसाला:
रघुबीर सिंग फौजेचे होते, 61 कॅव्हलरीचे. यात्रेतून घोडा उचलून सुवर्ण जिंकलं असं म्हणायचंय का? यात्रेत मी गेलोय. तिथे अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) बघतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) असला की भाव चढतो. पाठ, खूर, सांधे कोण बघतो? आणि नाचवायला तयार केलेला घोडा म्हणजे लगाम वर खेचून मान उभी, पाठ पोकळ. तो उडीवर मान पुढे सोडणार कसा? या मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूने आहे. नाइलाजाने.

तापीकाठचा:
नाचाचा घोडा वेगळा, स्वारीचा वेगळा. शहरी लोकांना एकच व्हिडिओ माहीत. आमच्याकडची घोडी लहान मुलाला पाठीवर घेऊन बांध ओलांडते, कोणी शिकवलं नाही.

डॉ_खूर:
बांध ओलांडते कारण पलीकडे चारा असतो. पण तिला उडी येते हे खरं. उंचीला कमी, पाऊल आखूड, म्हणून मोठ्या घोड्याच्या अंतरात ती मार खाते आणि मग 'देशी घोडा उडत नाही' असा शिक्का बसतो. अंतर कमी करून कोणी बघितलंय का?

मुलीचा_बाप:
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. सरांना काय सांगू?

खोगीरभरती:
सरांना सांगा, तासातले अर्धे जंप काढून टाका आणि जमिनीवरचे पोल लावा. नाही म्हणाले तर सर बदला.

मुलीचा_बाप:
बदलायला दुसरे कुठायत!

तापीकाठचा:
बरं, मोठेपणा सोडा. घोडी साडेचौदा हात उंच आहे (घोड्याचा हात म्हणजे चार इंच). क्रॉसपासून व्हर्टिकल किती ठेवू ते सांगा. उगाच वाद घालायला नाही आलो मी.

खोगीरभरती:
पाच मीटरपासून सुरू करा. मध्ये एकच स्ट्राइड (दौडीतली ढांग) पडली पाहिजे. घुसमटून टाकायला लागली तर अंतर कमी पडतंय, लांब ताणून घेत असेल किंवा दोन टाकत असेल तर जास्त होतंय. त्याप्रमाणे वीतभर पुढेमागे करा. उंची गुडघ्याच्या वर नको. आणि तोंडात तो काटेरी लगाम असेल तर आधी तो काढा.

रिसाला:
व्हिडिओ टाका. पोल पडला तर मी बोलणार.

तापीकाठचा:
बांबू घेऊन येऊ नका म्हणजे झालं.