ओढ्यातून खाणीपर्यंत : कॅलिफोर्नियातल्या वाटांचे तुमचे अनुभव

इथे नव्याने आलेल्या मराठी भटक्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो : गड नाही, लेणी नाहीत, मग डोंगरात वर जाऊन बघायचं काय? माझं उत्तर, खाणी. सोन्या-चांदीच्या मागे लागलेली माणसं इथल्या कॅनियनमध्ये, म्हणजे खोल घळींमध्ये, ओढ्याच्या काठाकाठाने घुसली. त्यांनी रस्ते काढले, कुठे कुठे अख्खी गावं वसवली आणि बऱ्याच ठिकाणी तोच ओढा एक दिवस सगळं घेऊन गेला. म्हणून या वाटांवर पाणी आणि पडझड सोबतच भेटतात.

अशा वाटेवर गेला असाल तर इथे लिहा. महिना कोणता होता, पाणी किती होतं आणि वर खरंच काय शिल्लक आहे, एवढं तरी सांगाच. बोगद्यांचे नेमके ठावठिकाणे मात्र टाकू नका. वाचून कुणीतरी आत शिरतंच.

सनीव्हेलहून

सरप्राइज कॅनियन आणि तिच्या वरच्या टोकाला पॅनामिंट सिटी, चांदीच्या खाणींचं ओसाड गाव. डेथ व्हॅलीच्या पश्चिमेला पॅनामिंटची डोंगररांग आहे, तिच्या पश्चिम उतारावर ही घळ. बॅलरॅट या ओसाड गावावरून कच्चा रस्ता ख्रिस विक्ट कॅम्पपर्यंत जातो, तिथून पुढे पायी. एका बाजूने आठ-नऊ किलोमीटर आणि चढ साधारण अकराशे मीटर. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलो. उन्हाळ्यात जायचा विचारही करू नका, ती डेथ व्हॅली आहे.

सुरुवातीला वाट ओढ्याच्या काठाने नाही, ओढ्यातूनच जाते. आजूबाजूला रखरखीत वाळवंट आणि इथे घोट्याएवढं गार पाणी, त्यावर वाळुंजाची एवढी गचपण की वाकून, सॅक सांभाळत, फांद्या बाजूला सारत जावं लागतं. पुढच्या माणसाने सोडलेली फांदी मागच्याच्या तोंडावर बसते, त्यावरून आमच्यात दोन भांडणं झाली. मग पांढऱ्या खडकाची अरुंद घळ लागते. छोटे छोटे धबधबे, प्रत्येकाच्या कडेने हात टेकून चढायचं. पाण्याने खडक असा घासलाय की ओल्या बुटाला पकडच मिळत नाही. कोरड्या भागावर पाय ठेवा, शेवाळाकडे बघूही नका.

विश्वास बसणार नाही, पण इथून पूर्वी गाड्या जायच्या. 1984 च्या पुरात रस्ता वाहून गेला, तरी हौशी जीपवाले विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून त्या धबधब्यांवरून गाड्या वर ओढायचे. 2001 पासून वाहनांना बंदी आहे. ओढा पुन्हा जागच्या जागी आला, झाडी परत वाढली. मला तर गावाच्या अवशेषांपेक्षा हेच बघण्यासारखं वाटलं.

वर घळ रुंद होते, पाणी गायब होतं आणि चढ काही संपत नाही. मग दोन्ही अंगांना दगडी भिंतींचे तुकडे दिसायला लागतात. हाच तो एकेकाळचा मैलभर लांब हमरस्ता. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे चांदी सापडली, 1874 मध्ये दोनेक हजार वस्ती झाली. नेव्हाडाचे दोन सिनेटर, जॉन जोन्स आणि विल्यम स्ट्युअर्ट, यांनी पैसा ओतला. 1875 च्या शरदातच तेजी ओसरली आणि 1876 च्या लोंढ्याने गाव धुऊन काढलं. गावाची ख्याती इतकी वाईट की वेल्स फार्गो या मौल्यवान माल पोचवणाऱ्या कंपनीने इथून चांदी न्यायला नकार दिला म्हणे. त्यावर खाणमालकांनी चांदीचे दोनशे किलोंचे गोळे ओतले. लुटारूंनी उचलून दाखवावेत!

चांदी गाळायच्या भट्टीचं विटांचं धुराडं अजून उभं आहे. चौकोनी, वर निमुळतं होत गेलेलं, लांबूनच दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की दोन विटांमधला चुना कितीतरी ठिकाणी बोटभर आत गेलाय, हात लावला तर वाळू हातात येते. त्याला टेकून फोटो काढणाऱ्यांना आमच्यातल्या सिव्हिलवाल्याने असं झापलं की बास.

वर नंतरच्या काळातल्या खाणकामगारांची पत्र्या-फळ्यांची घरंही आहेत. एकाला लोक थट्टेने 'पॅनामिंट हिल्टन' म्हणतात. काहीजण आत झोपतात. आम्ही तंबू लावला. उंदरांच्या लेंड्यांतून हंटा विषाणूचा धोका असतो, आणि लेंड्या भरपूर होत्या. रात्री रानटी गाढवं ओरडत होती. खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांचीच ही पिलावळ.

पॅसाडीनाहून

एवढं लांब जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी ऑल्टाडिनाच्या वरची मिलर्ड कॅनियनमधली डॉन माइन होती. 'होती' म्हणावं लागतंय, कारण जानेवारी 2025 च्या ईटन आगीत तो सगळा परिसर होरपळला. जायच्या आधी अँजलिस नॅशनल फॉरेस्टच्या बंदीचे आदेश बघाच.

आगीच्या आधी मी तिथे वरचेवर जायचे. सावलीची वाट, ओढा सतत इकडून तिकडे ओलांडायचा. दगडांवरून उड्या मारताना पॉयझन ओकचा (अंगाला लागलं की खाज सुटते असं झुडूप) आधार घेऊ नका, तीन-तीन पानांचे झुबके दिसले की हात आवरा. खाण सोन्याची, 1895 च्या सुमाराची. अधूनमधून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खटाटोप चालला, हाती फारसं काही लागलं नाही. शेवटी दिसायचं काय, तर गंजलेली यंत्रं. ती इथवर कशी आणली असतील, यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी तोच वाद.

एक मात्र आहे. जळलेल्या उतारावर पाऊस पडला की माती, राख, धोंडे सगळं मिळून खाली येतं. पुढची काही वर्षं ढग दिसले की अशा कॅनियनपासून लांब राहा.

पुण्याहून (लेकीकडे गेले होते तेव्हाचं)

मी खाणीपर्यंत गेले नाही, पण सोनं शोधणारी माणसं पाहिली, चालेल ना? सॅन गॅब्रिएल नदीचा ईस्ट फोर्क, म्हणजे पूर्वेकडचा फाटा. वाट पुढे कुठेच न जाणाऱ्या पुलाकडे जाते. 1936 मध्ये पूल बांधला, 1938 च्या महापुरात रस्ता वाहून गेला आणि पूल तेवढा रानात उभा राहिला. याच नदीकाठी एल्डोराडोव्हिल नावाचं सोनं शोधणाऱ्यांचं गाव होतं. ते 1862 च्या पुरात गेलं. एक भिंतसुद्धा नाही दाखवायला!

मे महिना होता. पाणी मांडीपर्यंत, आणि बर्फासारखं. जावईबापू म्हणाले, "आई, काठी आधी टेकवा, मग पाऊल." मी म्हटलं, आंदर मावळात ओढे ओलांडण्यात माझं लग्नाआधीचं आयुष्य गेलंय, तुम्ही स्वतःला सांभाळा. दोन वेळा ओलांडलं आणि तिसऱ्या ठिकाणी ओढ बघून मीच सगळ्यांना मागे फिरवलं.

तिथे एक म्हातारबाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून तसराळ्यातली रेती गोल गोल फिरवत होते. हलकी रेती पाण्यासोबत बाहेर, तळाला काळी जड रेती, आणि त्या काळ्यात पिवळा ठिपका. मला चष्मा लावूनही आधी दिसेना. मोहरीच्या टरफलाएवढा! सकाळपासूनची कमाई ती. बाबा खूश होते.

सॅक्रामेंटोहून

बोगद्यांबद्दल दोन ओळी, कारण वर कुणी स्पष्ट लिहिलेलं नाही. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते वासावरून कळत नाही. आधाराची लाकडं शंभर वर्षं कुजलेली असतात. जमिनीवर फळ्या दिसल्या तर खाली उभा खड्डा असू शकतो. टॉर्च आणा, पण बाहेरून आत मारायला.

सनीव्हेलहून

@पुणे, काकू, तुमचा अनुभव सगळ्यात भारी!

बुटांबद्दल दोघांनी विचारलंय. वॉटरप्रूफ बूट नकोत, पाणी वरून आत गेलं की आतच राहतं. जाळीचे, पकड असलेले ट्रेल-शूज घाला आणि ओलेच चालत राहा. लोकरी मोज्यांचा जादा जोड सॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर मुक्काम असेल तर तो जोड तंबूत शिरेपर्यंत पिशवीतून बाहेर काढू नका.