स्कोप मोठा घ्यावा की प्रोब चांगला?

वाळूजचा इन्स्ट्रुमेंटवाला:
सोलर पंपाचे कंट्रोलर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) दुरुस्त करणाऱ्या दुकानांत आता स्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप, दिसतात. पण जो तो विचारतो, किती मेगाहर्ट्झचा? प्रोबचं, म्हणजे सर्किटला लावायच्या टोकाच्या वायरीचं, नाव कुणीच काढत नाही. माझं मत असं की 100 ऐवजी 50 चा घ्या, पदरचे थोडे घाला, पण डिफरन्शियल प्रोब, म्हणजे अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा, घ्याच. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस (एसीचं डीसी केलेली आतली लाइन) 590 व्होल्टच्या आसपास असते. साध्या प्रोबची क्लिप स्कोपच्या बॉडीतून थेट अर्थला जाते. ती बसच्या मायनसला लावली की ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) गेलाच म्हणून समजा.

लातूर रिपेअर:
सर, सांगायला सोपंय. महिन्याला चार-दोन ड्राइव्ह येणाऱ्या दुकानानं एवढा पैसा कुठून आणायचा? स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून सगळेच काम करायलेत. तसंही उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओततंय? इथं अर्थ फक्त बिलावर असतं.

वाळूजचा इन्स्ट्रुमेंटवाला:
मग खड्ड्यात पाणी ओता की भाऊ, पिन कशाला तोडता? पिन काढली की क्लिपवरचं व्होल्टेज स्कोपच्या बॉडीवर आणि बीएनसीच्या (प्रोब जोडायच्या सॉकेटच्या) कड्यावर येतं. केबल काढायला तुम्ही हात घालता तो तिथंच.

परभणी डिप्लोमा:
दोन प्रोब 10 एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून) ठेवायचे, क्लिपा सर्किटला लावायच्याच नाहीत, आणि स्कोपमध्ये पहिल्यातून दुसरा चॅनल वजा करायचा. फुकटात डिफरन्शियल!

वाळूजचा इन्स्ट्रुमेंटवाला:
बस मोजायला चालेल. वरच्या आयजीबीटीचं (बसच्या प्लसकडच्या पॉवर स्विचचं) गेट बघायला नाही. 8 बिटच्या स्कोपला पायऱ्या 256. पडद्यावर 800 व्होल्ट मावायला हवेत तर एक पायरी तीन व्होल्टांच्या वर जाते, म्हणजे 15 व्होल्टचा गेट पल्स पाचेक पायऱ्यांत उरकतो. त्यात दोन्ही प्रोबचे ट्रिमर (जुळवणीचे स्क्रू) 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर सारखे जुळवलेले नसतील तर वजाबाकीत भलतेच काटे दिसतात.

नांदेड एम्बेडेड:
तुम्ही सगळे 590 व्होल्टलाच चिकटलात. आमच्यासारख्या 3.3 व्होल्टवाल्यांना डिफरन्शियल कशाला हवा? सोबत आलेला प्रोब नीट वापरला तरी खूप झालं. पोरं स्विच 1 एक्सवर ठेवून क्रिस्टलला (आयसीला ठोका देणाऱ्या भागाला) टोक लावतात. त्या 100 पिकोफॅरडच्या आसपासच्या ओझ्यानं क्रिस्टल बंद पडतो आणि आयसी मेली म्हणून बदलून मोकळे! दुसरं म्हणजे क्लिपची तार. 15 सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने 150 नॅनोहेन्री. प्रोबच्या 12 पिकोफॅरडशी मिळून 120 मेगाहर्ट्झच्या आसपास ती स्वतःच झंकारते. मग मॉसफेटवर रिंगिंग (नको असलेली थरथर) आहे म्हणून ती दाबणारा स्नबर बदलत बसायचं! टोकाची टोपी काढा, ग्राउंडची छोटी स्प्रिंग लावा, अर्धी रिंगिंग गायब होते. पाकिटातली ती स्प्रिंग मात्र पहिल्याच दिवशी हरवलेली असते.

लातूर रिपेअर:
पटलं, पण डिफरन्शियल आत्ता नाहीच. पिन परत बसवतो आणि मेन लाइनशी थेट संबंध तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेतो. स्कोपला नाही, ड्राइव्हला. चालंल का?

वाळूजचा इन्स्ट्रुमेंटवाला:
खालच्या बाजूचे गेट बघण्यापुरतं चालेल. क्लिप बसच्या मायनसवरच ठेवा, यू-व्ही-डब्ल्यूला (मोटरकडच्या तारांना) चुकूनही लावू नका. आणि प्रोबवरची व्होल्टेजची मर्यादा वाचा. काहींवर 300 च असते, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तीही उतरते. या बससाठी किमान 100 एक्सचा प्रोब तरी घ्या, तो डिफरन्शियलएवढा महाग नाही.