मदत हवी आहे: पोलोची मागची बाजू थोडी उचलायची आहे

गाडी फोक्सवॅगन पोलो, १६ इंची चाकं, चारही बाजूंना कॉइलओव्हर किट (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन). पुढची उंची मनासारखी आहे, तिला हात लावायचा नाही. मागे मात्र तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की स्पीडब्रेकरवर टायर आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतो. रिकामी गाडी अगदी ठीक.

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मापलं. पुढे ३३५ मिमी, मागे दोन्हीकडे ३१५. मागे ३३० च्या आसपास हवं आहे. मापायच्या आधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलून घेतली होती. टायरची हवा बरोबर आहे, शॉकअप गळत नाहीत, स्प्रिंग तुटलेली नाही.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) असल्याने स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. उंची स्प्रिंगखालच्या आट्यांच्या ॲडजस्टरवर ठरते. तो मोकळा करून, आटे ब्रशने घासून जेमतेम ६ मिमी वर घेतला; आता आटे संपत आले. किट बसवताना स्प्रिंगवरचा मूळचा रबर पॅड काढलेला आहे, तो माझ्याकडे पडून आहे. गॅरेजवाला म्हणतो, सरळ कडक स्प्रिंग टाका. रोज खड्ड्यांतून जायचं असताना ते नकोच, शिवाय खर्च वेगळा.

तर ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारतो: तो रबर पॅड ॲडजस्टरसोबत परत बसवला तर चालेल का? गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग जागेवरून सरकणार तर नाही ना? आणि स्प्रिंगपाशी १० मिमी वाढवले की चाकापाशी प्रत्यक्षात किती वाढतात?